चुन्याशिवायचं पाणी

वाऱ्यानं लार्ग्जची फेरी बंद.
मॉरॅग पलीकडे अडकली,
मिलपोर्टच्या प्रयोगशाळेतली रात्र माझ्या एकटीच्या गळ्यात.
टाकीत रॉरीनं बुडी मारून आणलेले सहा अर्चिन,
गुलाबी, काटेरी, सोललेल्या नारळाएवढे.
मी त्यांना साळू म्हणते. इथे कोण हरकत घेणार?

सव्वानऊला अंडी आणि रेत एका बशीत.
बाराच्या सुमारास एकाचे दोन.
मग दोनाचे चार, चाराचे आठ,
पाढ्यासारखं, न अडखळता,
आणि दर वेळी तीच गंमत:
वाटणी होते, पण चूल एकच राहते.

मग त्यांतल्या थोड्या मी दुसऱ्या पाण्यात घातल्या.
सगळं समुद्रासारखं, खारटपणाही तोच,
फक्त कॅल्शियम वजा.
कॅल्शियम म्हणजे तरी काय, चुनाच:
विड्याला लावतात तो, दगडांच्या सांध्यात भरतात तो,
बोटाच्या टोकावर मावेल इतका.
तेवढा नाही म्हटल्यावर
आठच्या आठ जणी एकमेकींना सोडून
बशीभर पसरल्या.
भांडण नाही, आवाज नाही.
प्रत्येक गोल आणि चकचकीत,
जशी काही कधी कोणाची नव्हतीच.

मॉरॅगला मी एकदा लिहून दाखवलं होतं:
मीठमधली दीर्घ वेलांटी
पुढच्या अक्षरावर ढकलली की मिठी.
ती म्हणाली, मग मूळ एकच असणार.
नाही गं, कोशात पाहिलंय,
दोघं एकमेकांचे कोणी लागत नाहीत.

पण हे हात आले कुठून?

प्राणी नव्हते तेव्हा,
साठ-सत्तर कोटी वर्षांमागे,
पाण्यात पेशी एकेकट्या हिंडत.
गळ्याभोवती केसांची कॉलर, मागे एक शेपूट.
त्यांच्या चुलत घराण्यातल्या काही
आमच्या कपाटात बाटलीत राहतात.
त्यांच्याजवळही सापडतं ते, कॅडहेरिन,
हीच पकड, जवळपास हीच घडण.
धरायला शेजारीण नाही, तरी हात.
कशासाठी?
जिवाणूचा घास पकडायला, कदाचित.
नक्की कोणाला माहीत नाही.
ज्यांना नक्की माहीत आहे
त्यांचे निबंध मीच टाइप केले आहेत.

इथे किनाऱ्यावर एक खडक आहे,
मगरीच्या जबड्यासारखा रंगवलेला.
पोरं त्याच्या दातांवर चढून आइस्क्रीम खातात.
तिथून सायकल नेताना मला वाटतं,
आधी जबडाच असणार. मिठी मागाहून.
कधीतरी, कोणीतरी
धरलं, आणि गिळलं नाही.

तीन वाजता थेंबभर चुना परत.
मग वाट बघायची. चहा निवतो.
एकीला एक लागते, निसटते,
चाचपडत पुन्हा लागते.
मधली जागा आधी धूसर होते, मग मिटते.
दोघी बशीच्या कडेला गेलेल्या, त्या आल्या नाहीत.
त्या दोन वेगळ्या अळ्या होतील, लहानखुऱ्या,
कदाचित पुऱ्या. निदान प्रयत्न करतील.

कालच्या बशीला मी हातही लावला नव्हता.
तिथे पोकळ गोळ्याच्या तळाशी मोजक्या पेशी
आपण होऊन पकड सैल करत होत्या.
पाण्यात चुना भरपूर. तरी.
एकेक सुटून आत, पोकळीत उतरत होती.
वहीत याला अंतर्गमन म्हणायचं.
मी आधी दुसरंच काही लिहिलं, ते खोडलं.
आत जाऊन या करतात काय?
चुना वेचतात. त्याच्या काड्या रचतात.
अळीला जो सांगाडा येईल
तो या सोडून गेलेल्यांच्या हातचा.

साडेसहाला मॉरॅगचा फोन, फेरी सुरू झाली.
विचारते, धरलं का?
म्हटलं, काहींनी धरलं, काहींनी सोडलं,
दोन्ही लिहून ठेवलंय.
आणि येताना दूध आण.